कोडोली मुक्कामी दोन श्रेयांक सर केले, त्याची हकीकत

श्री.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, करवीर प्रांती जी मोठी धामधूम जाहली, तिची खबर अन्य मुलखांत पोहोचली नाही, वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, आणि ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते ऊसतोडीच्या आणि दुधाच्या गडबडीत लिहावयास मोकळे नव्हते, सबब आम्ही लिहितो. आम्ही कोण, हे विचारण्याचे प्रयोजन नाही. बखरकार म्हटला की तो सर्व ठिकाणी हजर असतो, कोणासही दिसत नाही, आणि चहा आला की आधी त्याला लागतो, इतके वाचकांनी ध्यानी घ्यावे. जे घडले ते तंतोतंत लिहिले आहे. जेथे पदरचे घातले आहे, तेथे ते चांगल्या हेतूने घातले आहे.

तर या प्रांती एक थोर पशुवैद्यक विद्यालय आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे तेथील कचेरीविषयी जे लिहावे लागणार आहे, ते वाचून कोणी उगाच दुखावेल. या विद्यालयाचे तख्तावर अधिष्ठाता डॉक्टर इरावतीबाईसाहेब विराजमान, आणि त्यांचे पदरी शैक्षणिक विभागाचे मुख्य कारकून अभिरामपंत, ज्यांच्या शिक्क्यावाचून विद्यालयातील म्हैसदेखील रवंथ करीत नसे. विद्यालयाचे फर्मान ऐसे, की चौथ्या वर्षाच्या उमेदवारांनी चौदा दिवस विद्यालयाबाहेर, एखाद्या जाणत्या पशुवैद्याचे हाताखाली चाकरी करावी, ज्यास फिरंगी जबानीत एक्स्टर्नशिप म्हणती, आणि मग त्या चाकरीबद्दल दोन श्रेयांक, म्हणजे पोरांच्या भाषेत दोन क्रेडिट, गुणपत्रकावर रुजू व्हावे. जागा ज्याची त्याने शोधावी. परंतु वैद्याचे लेखी संमतिपत्र पाहिजे, आणि त्याचा नोंदणी क्रमांक पाहिजे, आणि शिक्का पाहिजे, आणि तो महिन्याकाठी किमान चाळीस जनावरे तपासतो याचा लेखी दाखला पाहिजे, आणि हे सर्व शुक्रवार, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीस, संध्याकाळी पाचाच्या आत कचेरीत दाखल पाहिजे. जो चुकेल त्याने ते चौदा दिवस ग्रंथालयात बसून कागदी प्रकल्प करावा, आणि पुन्हा अशी मोकळीक मागू नये, कारण पाचव्या वर्षी कोणी कोठे जावे हे विद्यालयच ठरविते.

या फौजेत क्रांती चौगुले नामे एक उमेदवार होती. कुरुंदवाडची, शेतकऱ्याची लेक, उंचीने बेताची, आवाजाने तोफ. तिच्या सोबत्यांनी पुण्या-मुंबईकडचे कुत्र्या-मांजरांचे वातानुकूलित दवाखाने गाठले, आणि त्या दवाखान्यांनी एका दिवसात गुळगुळीत कागदावर संमतिपत्रे पाठविली, आणि ते सरदार निश्चिंत होऊन कँटीनात डेरे टाकून बसले. क्रांतीबाईंचे मन मात्र एकाच नावावर बसले होते. ते नाव म्हणजे कोडोलीचे डॉक्टर हंबीरराव मोरे.

हंबीररावांची कीर्ती ऐसी, की गाभण म्हशीच्या पिशवीला पीळ पडला, म्हणजे रेडकू आत आणि वाट बंद, तर आसपासच्या वीस गावांतून त्यांनाच बोलावणे येई. मग ते हात आत घालीत, आणि डोळे मिटीत, आणि पीळ डावा की उजवा हे बोटांनी ओळखीत, आणि मग म्हशीला आडवी पाडून, कुशीवर फळी ठेवून, गड्यांकरवी पिळाच्याच बाजूस लोळवीत, तो पीळ सुटे. बाजू चुकली तर पीळ आणखी आवळतो, आणि मग म्हैसही जाते आणि रेडकूही जाते. दोन वर्षांमागे कुरुंदवाडास चौगुल्यांची म्हैस अशीच गेली. डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, शेजाऱ्यांनी अदमासाने लोळविली, आणि क्रांतीची आई दोन दिवस जेवली नाही. पाठ्यपुस्तकात हा पीळ दीड पानात आटोपला आहे. ते दीड पान क्रांतीबाईंस तोंडपाठ होते, आणि नुसत्या दीड पानाने काही होत नाही हेही ठाऊक होते.

आता हंबीररावांस अडुसष्टावे वर्ष चालू होते आणि उजवा खांदा निकामी जाहला होता. त्यांनी जाहीर केले होते की इंग्रजी साल संपताच, एकतीस डिसेंबरास, मोटारसायकल उभी करणार आणि पुन्हा कोणाच्या गोठ्यात पाय ठेवणार नाही. म्हणजे जे शिकायचे ते त्याच चौदा दिवसांत, नाहीतर ती विद्या डॉक्टरांबरोबर घरी बसणार. क्रांतीबाईंना याची फार धास्ती होती, आणि आमच्या मते ती रास्त होती.

मग अष्टमीआधीच्या रविवारी पहिली स्वारी निघाली. क्रांतीबाई पहाटेची एस.टी. धरून कोल्हापुरास, तेथून दुसरी धरून कोडोलीस पोहोचल्या, आणि विचारीत विचारीत डॉक्टरांच्या अंगणात रुजू जाहल्या. डॉक्टर गमबूट धूत होते. बाईंनी अर्ज गुजारला, की मी अमुक गावची, अमुक वर्षाची, आणि आपल्या हाताखाली चौदा दिवस राहू इच्छिते. डॉक्टरांनी बूट उलटा करून पाणी झटकले, आणि एवढेच फर्माविले, "ये की! जेवलीस का?" आणि मग भाकरी आली, आणि आमटी आली, आणि तिखटाने पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तह पुरा जाहला.

परमुलखातील वाचकांसाठी येथे खुलासा करणे अगत्याचे आहे. करवीर प्रांती 'ये की' हे दोन शब्द म्हणजे सनद. या दोन शब्दांवर येथे सोयरिकी ठरल्या आहेत, विहिरी खणल्या आहेत आणि परक्या माणसांनी महिना-महिना मुक्काम केला आहे. 'ये की' म्हटल्यावर पुन्हा कागद काढणे म्हणजे माणसाच्या जबानीवर शंका घेणे होय. क्रांतीबाई याच मुलखातल्या, त्यांना हे कळत नव्हते ऐसे नाही. परंतु विद्यालयात चार वर्षे अर्ज भरून भरून त्यांच्या अंगी कचेरी भिनली होती, आणि हात धुवायच्या आत त्यांनी पिशवीतून विहित नमुना काढून डॉक्टरांपुढे धरिला.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी नमुना पाहिला, पोरीकडे पाहिले, आणि मग आवाज चढवून बोलले, "मी ये म्हणलो न्हवं? मग ह्यो कागद कशाला? मी काय उद्या न्हाय म्हणणार हाय?" आणि बूट चढवून, मोटारसायकलीस लाथ मारून, एका गाईच्या कामावर निघून गेले. क्रांतीबाई तीन तास अंगणातल्या पेरूखाली बसून राहिल्या. पोरगी हलत नाही हे परत आल्यावर पाहून डॉक्टरांस दया आली, किंवा कंटाळा आला, आणि त्यांनी कॅल्शियमच्या औषधवाल्या कंपनीने फुकट दिलेल्या पॅडावर खलिता लिहून दिला. त्याचा मजकूर ऐसा: 'पोरगी येऊ दे. हंबीरराव.'

हा खलिता मंगळवारी अभिरामपंतांपुढे पेश जाहला. पंतांनी तो उलटसुलट पाहिला, उजेडात धरिला, आणि मग हुकूम केला की यावर नोंदणी क्रमांक नाही, शिक्का नाही, चाळीस जनावरांचा दाखला नाही, आणि पोरगी कोण हेही नमूद नाही, सबब नामंजूर. क्रांतीबाईंनी बहुत विनवण्या केल्या. पंत जागचे हलले नाहीत. पंत दुष्ट नव्हते, हे आम्ही न्यायाने लिहितो. मागे एका उमेदवाराने मेव्हण्याच्या दुकानाचा शिक्का मारून चौदा दिवस महाबळेश्वरी थंड हवेत काढले होते आणि दोन श्रेयांक खिशात घातले होते, आणि त्या धक्क्यातून पंत अद्याप सावरले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी क्रांतीबाई पुन्हा कोडोलीस दाखल जाहल्या. डॉक्टरांच्या घरीच मुक्काम पडला. गुरुवारी सकाळी मोठी जलद हालचाल करण्यात आली. पदवीची चौकट कॅलेंडरामागे सापडली, तिच्यावरून नोंदणी क्रमांक उतरून घेतला, आणि मग वारणानगरास जाऊन तासाभरात रबरी शिक्का करवून आणिला, आणि डॉक्टरांनी तो आधी आपल्या तळहातावर उमटवून पाहिला आणि मग कागदावर मारिला. नव्या खलित्यावर पोरीचे पूर्ण नाव आले. दोन किल्ले पडले. आता बालेकिल्ला तेवढा राहिला, म्हणजे चाळीस जनावरांचा दाखला. क्रांतीबाईंनी अदबीने विचारिले की रुग्णांची वही कोठे असते?

डॉक्टरांनी सांगितले की वही नाही. चाळीस वर्षांत कधी नव्हती. कोणाच्या गोठ्यात कोणते जनावर, ते कधी व्यायले, त्याला काय चालते आणि काय सोसत नाही, हे सर्व डोक्यात आहे. बाईंनी म्हटले की डोके कचेरीत दाखल करता येत नाही. यावर डॉक्टर हसले आणि बोलले, "मग म्हशीला इचार जा. ती खोटं बोलत न्हाय." आणि ते कामावर निघून गेले, आणि क्रांतीबाईंचा धीर सुटला.

सकाळचे दहा वाजले होते. मुदतीस दीड दिवस उरला होता. बाई गावच्या दूध संकलन केंद्राच्या पायरीवर खाली मान घालून बसल्या. सकाळचे दूध घालून लोक पांगले होते, आणि केंद्राच्या सचिव चिमणाबाई फरशीवर पाणी मारीत होत्या. चिमणाबाई म्हणजे त्या गावची अर्धी सत्ता. दुधाची प्रत त्या नुसत्या वासावरून सांगत, आणि माणसाची त्याच्या चालीवरून. त्यांनी बादली खाली ठेवून सवाल केला, "काय गं, कोण मेलंय?" मग क्रांतीबाईंनी सर्व हकीकत निवेदन केली. चिमणाबाईंनी ती ऐकून घेतली, आणि आत जाऊन, कपाट उघडून, लाल पुठ्ठ्याची एक जाड वही आणून तिच्या मांडीवर टाकिली.

ती वही बंद दुधाची. तिची कथा ऐसी. जनावराला काही विशिष्ट औषधांची सुई टोचली की त्या औषधाचा अंश दुधात उतरतो, आणि तीन दिवस, कधी पाच दिवस, ते दूध माणसांच्या पोटात जाऊ द्यायचे नसते. हे सर्व डॉक्टरांस ठाऊक असते, आणि सर्व मालकांस ऐकू येईनासे होते. हंबीररावांचा शिरस्ता असा, की गोठ्यातून निघाले की घरी पाणी प्यायच्या आधी केंद्रावर यायचे, आणि कोणाचे कोणते जनावर, काय दुखणे, कोणते औषध, दूध किती दिवस बंद, हे चिमणाबाईंस सांगायचे, आणि चिमणाबाईंनी ते तारीखवार लाल वहीत चढवायचे. या शिरस्त्यापायी डॉक्टरांची अर्ध्या गावाशी भांडणे जाहली होती. एकाने तर दोन वर्षे रामराम बंद केला होता, आणि म्हैस आजारी पडली तेव्हा पुन्हा चालू केला. वही मात्र एक दिवस चुकली नव्हती. क्रांतीबाईंनी चार पाने उलटली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे चाळीसच काय, शेकडो जनावरे ओळीने उभी राहिली.

परंतु चिमणाबाई म्हणजे काही सहज शरण येणारी असामी नव्हे. त्यांनी तहाची कलमे सांगितली. वही केंद्राबाहेर जाणार नाही. तिचे फोटो निघणार नाहीत, कारण फोटो निघाला की संध्याकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर येणार, आणि बंद दूध हळूच घालू पाहणाऱ्यांची नावे फुटून रात्रीपर्यंत डोकी फुटणार. मालकांची नावे वगळून, हाताने नक्कल करायची, आणि ती संध्याकाळचे दूध येण्याच्या आत पुरी करायची. कलमे कडक होती आणि शहाणपणाची होती. क्रांतीबाईंनी मान्य केली, आणि पायरीवरून आत जाऊन, दुधाच्या कॅनावर फळी टाकून, लिहावयास बसल्या.

काळी म्हैस, स्तनदाह, दूध तीन दिवस बंद. तांबडी गाय, वार अडकली, दूध पाच दिवस बंद. म्हैस, एका शिंगाची, ताप. याप्रमाणे तीन महिन्यांच्या दोनशे तेरा नोंदी बाईंनी उतरविल्या. दुपारी चिमणाबाईंनी डब्यातली अर्धी भाकरी पुढे सरकविली, ती डाव्या हाताने खाल्ली आणि उजवा चालूच ठेविला. साडेचारास शेवटची नोंद उतरली, पाचास पहिली किटली आली. चिमणाबाईंनी चष्मा लावून नक्कल मुळाशी ताडून पाहिली, एक 'तीन'चा 'पाच' जाहला होता तो दुरुस्त करविला, आणि मग प्रत्येक पानावर केंद्राचा शिक्का आणि आपली सही केली. अकराही पानांवर दमदार सही, एकही अक्षर वाकडे नाही.

शुक्रवारी अष्टमीचा दिवस उजाडला. कोडोलीतून निघणारी एस.टी. आलीच नाही, कारण उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी पडली होती, आणि दोन्ही अंगास गाड्यांची रांग लागली होती, आणि लोक खाली उतरून फुकटचा ऊस खात उभे होते. दहा वाजले. साडेदहा वाजले. मग चिमणाबाईंनी केंद्रावरच्या दुधाच्या टँकरास हुकूम केला की आडवाटेने जाऊन पोरीला हमरस्त्यास लावावे. टँकराचे चालक नावाने सम्राट, आणि स्वभावानेही. त्यांनी वाटेत तीन गावांत दूध भरले, दोन ठिकाणी चहा घेतला, एके ठिकाणी मावशीची खुशाली विचारली, आणि क्रांतीबाई शेजारी बसून घड्याळाकडे पाहत राहिल्या. त्यांनी एकदाच तोंड उघडिले. त्यावर सम्राटांनी धीर दिला, "पोचतंय की! दूध नासत न्हाय तवर येळ झाला न्हाई म्हणायचं." आणि मग हमरस्ता आला, आणि पुढची एस.टी. मिळाली, आणि बाईंचे पाऊल कचेरीच्या उंबऱ्यात पडले तेव्हा पाचास पंचवीस मिनिटे कमी होती.

अभिरामपंत शाईचे झाकण लावीत होते. त्यांनी झाकण पुन्हा काढिले, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवितो. संमतिपत्र पाहिले, ठीक. क्रमांक पाहिला, ठीक. शिक्का नवा दिसतो, परंतु ठीक. मग ती अकरा पानांची नक्कल हाती घेतली, आणि पहिल्या पानावर 'दूध बंद' हे शब्द वाचताच कपाळास आठी पडली. पंतांनी निवाडा दिला की विहित नमुन्यात रुग्णनोंदवही म्हटले आहे, आणि हा दाखला दुधाचा आहे, आणि विद्यालय पशुवैद्यकाचे आहे, दुग्धव्यवसायाचे नव्हे, सबब दाखल करता येत नाही.

क्रांतीबाई चार दिवस झोपल्या नव्हत्या, धड जेवल्या नव्हत्या, आणि त्यांची कचेरी तेथेच गळून पडली. त्या कुरुंदवाडच्या मूळ आवाजात गर्जल्या, "साहेब, दूध बंद हुतंय म्हंजी जनावर तपासलंच असणार की! न तपासता कोण दूध बंद करतंय?" तो आवाज दोन भिंती ओलांडून अधिष्ठात्यांच्या दालनात गेला. इरावतीबाईसाहेब बाहेर आल्या, आणि काय गलका आहे म्हणून पुसले, आणि कोणी उत्तर देण्याआधी पंतांच्या हातून ती पाने घेतली. उभ्याउभ्या एक पान वाचले. मग खुर्ची ओढून घेऊन आणखी सहा वाचली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, आणि पंत उभे, आणि क्रांतीबाई उभ्या, आणि आम्हीही उभे.

मग बाईसाहेबांनी फर्माविले की विद्यालयात आपण औषधांचे अंश आणि दुधाची शुद्धता यांवर दर वर्षी तीन व्याख्याने देतो, आणि तीन महिन्यांत दोनशे तेरा वेळा आपल्याच गिऱ्हाइकाचे दूध बंद करणारा वैद्य आपणांस आजवर भेटला नाही. रुग्णांची वही डॉक्टर स्वतः लिहितो, तीत तो वाटेल ते लिहू शकतो. ही वही तर दुसऱ्याने लिहिली आहे, आणि तीही भांडण सोसून. सबब हा दाखला विहित नमुन्याहून सरस समजावा, आणि त्यावर तत्काळ मंजुरी व्हावी. पंतांनी 'जी' म्हटले आणि शिक्का मारिला. पाचास तीन मिनिटे बाकी होती. क्रांतीबाई बाहेर येऊन पायऱ्यांवर बसल्या आणि थोड्या रडल्या, आणि आम्ही त्या वेळी दुसरीकडे पाहिले.

येणेप्रमाणे परवाना मिळाला. परंतु श्रेयांक अद्याप हाती आले नव्हते, आणि ज्या कामासाठी हा सर्व खटाटोप, ती विद्या तर मुळीच आली नव्हती.

आठ डिसेंबरास चौदा दिवसांची चाकरी सुरू जाहली. पहिले चार दिवस डॉक्टरांनी पोरीस पिशवी धरावयास लाविली आणि एक शब्द शिकविला नाही. पाचव्या दिवशी दुपारी अंगणात एक गोणपाटाचे पोते भिजवून आणिले, त्याचे तोंड पिळून धरिले, आणि फर्मान काढिले की डोळे मीट, हात घाल, आणि पीळ कुठल्या अंगाचा ते सांग. वीसपैकी अकरा वेळा पोरगी चुकली. दुसऱ्या दिवशी सात वेळा चुकली. डॉक्टर शिव्या देत नसत. ते फक्त पोते सोडून पुन्हा पिळीत, आणि हे बहुत जिव्हारी लागे. सहा दिवस हे चालले, गोठ्यांतले काम उरकून, रोज दुपारी. गल्लीतली माणसे येऊन बघत उभी राहात आणि आपापला अंदाज वर्तवीत, आणि त्यांचेही चुके, म्हणून पोरीस थोडे बरे वाटे.

बाराव्या दिवशी, अमावास्येस, भर दुपारी बारा वाजता, जोतीराम नामे शेतकऱ्याचा सांगावा आला, की म्हैस सकाळपासून कळा देते आणि काही बाहेर येत नाही. डॉक्टर आणि क्रांतीबाई मोटारसायकलीवर बसून तातडीने कूच करते जाहले. गोठ्यात सहा गडी जमले होते, दोर होते, फळी होती, आणि जोतीराम हवालदिल होऊन म्हशीच्या मानेवरून हात फिरवीत होता आणि अमावास्येच्या नावाने बोटे मोडीत होता. डॉक्टरांनी सवयीने बाही वर केली. हात खांद्याच्या वर जाईना. त्यांनी बाही पुन्हा खाली केली, आणि क्रांतीबाईंस खुणेनेच पुढे केले.

बाईंनी हात धुतला, तेल लाविले, आणि आत घातला, आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले की पीळ डावा आहे.

आता पीळ बहुधा उजवाच असतो. शंभरात चार-पाच डावे. गड्यांनी जन्मभर उजवाच पाहिला होता, आणि त्या हिशेबाने दोरही बांधून तयार ठेविले होते. ते एकमेकांकडे पाहू लागले. जोतीरामाने घाबरून डॉक्टरांस साकडे घातले, "डॉक्टर, ही पोरगी डावा म्हणत्या. तुमी सांगा की." डॉक्टर गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या मनात काय चालले होते ते आम्हास ठाऊक आहे, कारण आम्ही बखरकार, आणि ते ऐसे होते, की पोरगी चुकली तर दोन जीव जातील आणि दोष आपला असेल. तरी ते खांबापासून हलले नाहीत. त्यांनी विचारले, "हात कुणाचा आत हाय?" जोतीराम बोलला की हिचा. "मग तिला इचार."

मग दोर सोडून पुन्हा बांधिले, आणि म्हशीला डाव्या अंगावर पाडिले, आणि कुशीवर फळी ठेविली, आणि फळीवर एक गडी उभा केला, आणि बाकीच्यांनी पाय धरून तिला डावीकडे लोळविले. क्रांतीबाईंनी हात घालून पाहिले. पीळ तसाच. पुन्हा लोळविले. पीळ तसाच. जोतीरामाने तोंड फिरविले. क्रांतीबाईंच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एकदा त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले, आणि डॉक्टर छपराकडे पाहत होते. बाईंनी तिसऱ्यांदा लोळविण्याचा हुकूम दिला. बाजू मात्र त्यांनी बदलली नाही.

तिसऱ्या खेपेस पीळ सुटला. आतले पाणी भळकन बाहेर आले आणि क्रांतीबाई गुडघ्यापर्यंत भिजल्या, आणि रेडकाचे दोन खूर हाताला लागले, आणि मग दोरी बांधून, कळेबरोबर ओढून, रेडी बाहेर आली. ती हलेना. बाईंनी तिचे नाकतोंड साफ केले, गवताच्या मुठीने छाती चोळली, नाकपुडीत काडी घातली, आणि आणखी चोळली, आणि मग रेडी शिंकली. जोतीराम खाली बसला. गड्यांनी जो गलका केला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला, आणि कोणीतरी चहा सांगितला, आणि म्हैस उठून उभी राहिली आणि रेडीला चाटू लागली.

पुढे चाकरीचे चौदा दिवस भरले, आणि मूल्यमापनाचा नमुना डॉक्टरांपुढे ठेवण्यात आला. या खेपेस त्यांनी कागदास नाव ठेविले नाही. खांबाला टेकून असावे तसे भिंतीला टेकून, चष्मा लावून सर्व वाचिले. तळाशी छापील वाक्य होते, की सदर विद्यार्थिनीने हे काम माझ्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली पूर्ण केले. डॉक्टरांनी त्या वाक्यावर रेघ मारिली, आणि वर आपल्या हाताने लिहिले, 'मी नुसता उभा होतो', आणि शिक्का मारिला.

हा नमुना कचेरीत आला, तो अभिरामपंतांचे हाती. छापील मजकुरावर रेघ मारणे हा त्या कचेरीत मोठा गुन्हा आहे, आणि देखरेख नाही तर श्रेयांक नाहीत, हे कलम पंतांनीच घातलेले होते. क्रांतीबाई टेबलासमोर उभ्या होत्या आणि काय होणार हे त्यांना दिसत होते. पंतांनी ती ओळ वाचिली. बाईंनी सोबत जोडलेला अमावास्येच्या दिवसाचा वृत्तांत वाचिला, सावकाश, शेवटपर्यंत. मग चष्मा काढिला, आणि चाळीस कोसांत त्यांच्या तोंडून कोणी न ऐकलेला सवाल केला, "रेडकू जगलं ना?" बाई म्हणाल्या, "व्हय." पंतांनी शाईचे झाकण उघडिले, शिक्का मारिला, आणि पुढच्या माणसास बोलाविले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी रुजू केली. श्रेयांक, दोन. रेडी, एक, दूध पिते. तिची आई, एक, खाऊनपिऊन खूश. आणि डॉक्टर, एक, चाळीस वर्षांत प्रथमच पिळाच्या म्हशीवरून कोरड्या हाताने घरी परतलेले, आणि त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, ऐसे त्यांच्या घरून कळते.